वार्धक्यातील विस्मृती आणि आपले कौटुंबिक कर्तव्य
(ज्ञातिमंडळाच्या शिरपूर येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात दरवर्षी शिक्षण, शिष्यवृत्ती, विवाहातील खर्च आणि वसतिगृह ह्या विषयांवर विचार होतो, आणि तो व्हावयासच हवा. ह्या वर्षी कार्यवाहांनी मला बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी त्यांस नम्रपणे विचारले की, ज्या विषयाची चर्चा आपण घरातही दार लावूनच करतो, तो विषय मी भरसभेत मांडला तर चालेल काय? त्यांनी अनुमती दिली ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी डॉक्टर नाही. तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला मी एक शिक्षक आहे. परंतु हा विषय मी माझ्या घरात सात वर्षे शिकलो, आणि त्या शिक्षणाची फी माझ्यापेक्षा माझ्या पत्नीने अधिक भरली. त्या अनुभवावर आणि नंतर वाचलेल्या ग्रंथांवर विसंबून मी चार शब्द बोलणार आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही सर्व भावंडे नाना म्हणत असू, एका जिनिंग कारखान्यात मुनीम होते. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी त्यांच्या जिभेवर असे. कापसाच्या गाड्यांचा हिशेब ते कागदाला पेन्सिल न लावता सांगत. २००९ सालच्या दिवाळीत त्यांनी किराणा दुकानदाराला एकाच बिलाचे पैसे दोनदा दिले, आणि आम्ही हसलो. पुढल्या वर्षी ते एकाच गोष्टीची चौकशी सकाळपासून दहा वेळा करू लागले, आणि आम्ही चिडलो. त्याच्याही पुढल्या वर्षी आपला बटवा सुनेने चोरला असे ते शेजाऱ्यांना सांगू लागले, आणि आम्ही लाजलो. बटवा त्यांच्याच उशीखाली सापडे. म्हातारचळ लागला, असे आम्ही म्हणालो. साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्यात आहेच. कोणी बाहेरची बाधा सुचवली, आणि त्याचाही उपाय करून झाला. सांगावयास संकोच वाटतो, पण तीन वर्षे गणिताच्या ह्या शिक्षकाला, वडिलांना डॉक्टरकडे न्यावे, असे सुचले नाही.

एके दिवशी नाना घरातून निघून गेले. चार तासांनी ते थाळनेरच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरवाल्याला सापडले. थाळनेर हे त्यांचे जन्मगाव. ते त्या भल्या माणसाला अहिराणीत एवढेच सांगत होते, "माले घर जानं शे." पायात चप्पल नव्हती. महामार्गाच्या दिशेने गेले असते तर काय झाले असते, ह्याचा विचार आजही मनात येतो तेव्हा अंगावर काटा उभा राहतो.

तेव्हा कोठे आम्ही त्यांना तज्ज्ञांकडे नेले, आणि ह्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्मृतिभ्रंश असे नाव आहे हे आम्हांस कळले.

आता प्रथम शास्त्र काय सांगते ते थोडक्यात पाहू. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी एक्कावन्न वर्षांची एक स्त्री रुग्णालयात आली. तिची स्मृती झपाट्याने नष्ट होत होती. डॉ. अलॉइस अल्झायमर ह्यांनी तिची सर्व लक्षणे टिपून ठेवली. १९०६ साली ती निवर्तल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तो त्यांना मेंदूच्या पेशी नष्ट झालेल्या, पेशींमध्ये गुंतलेले धागे आणि पेशींबाहेर साचलेली पुटे दिसली. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात त्यांनी हे निरीक्षण तज्ज्ञांच्या सभेपुढे ठेवले, आणि १९१० साली ह्या रोगास त्यांचेच नाव मिळाले. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक आहेत. त्यांत अल्झायमरचा रोग हे सर्वांत मोठे कारण होय. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्याने होणारा प्रकार हे दुसरे मोठे कारण. सारांश, ही देवाची शिक्षा नाही, करणी नाही, आणि माणसाचा हट्टी स्वभावही नाही. हा मेंदूचा आजार आहे, आणि तो वाढत जाणारा आहे. मोठे दुखणे हत्तीच्या पावलाने येते असे आपण म्हणतो, परंतु हे दुखणे मुंगीच्या पावलाने येते. म्हणूनच ते आपल्या लक्षात येत नाही.

हा आजार शहरी सुखवस्तूंचा आहे, असा एक समज आहे, तो खरा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात साठीच्या पुढील शंभर माणसांत सात ते आठ माणसांना स्मृतिभ्रंश आहे. देशात अशा रुग्णांची संख्या सुमारे ८८ लाख होते. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. ह्या हिशेबाने आपल्या ज्ञातीत साठीपुढील एक हजार माणसे धरली, तर त्यांतील सत्तराहून अधिक घरांत हा आजार असावा. आपण मात्र संमेलनात भेटतो तेव्हा एकमेकांस, "घरी सर्व कुशल," असेच सांगतो.

येथे एक महत्त्वाची सूचना करावयाची आहे. विसरणारा प्रत्येक वृद्ध ह्या आजाराचा रुग्ण नसतो. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे, आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. शिवाय बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीची मंदता, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, मनाची खोल उदासीनता, किंवा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम ह्यांनीही माणूस असाच गोंधळलेला दिसतो, आणि ही कारणे वेळीच सापडली तर त्यांवर उपाय आहेत. दोन दिवसांत एकाएकी बुद्धी भ्रमली, तर तो बहुधा ज्वर, संसर्ग किंवा शरीरातील क्षारांचा बिघाड असतो, आणि त्या वेळी एक दिवसही दवडू नये. तेव्हा म्हातारचळ म्हणून स्वस्थ बसण्याआधी तपासणी करून घेणे हे पहिले कर्तव्य होय. आपल्याला त्यासाठी मुंबईस जाण्याचे कारण नाही. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जळगावासही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

तपासणीनंतर डॉक्टरांनी आम्हांस खरे ते सांगितले. स्मरणशक्तीला थोडा आधार देणारी औषधे आहेत. अलीकडे निघालेली काही औषधे अगदी आरंभीच्या अवस्थेत आजाराची गती किंचित मंद करतात. परंतु हा आजार समूळ बरा करणारे औषध आजमितीस नाही. हे ऐकून आम्ही तिघे भाऊ खाली मान घालून बाहेर आलो. औषध नाही, म्हणजे करण्यासारखे काही नाही, असा अर्थ आम्ही काढला. ती आमची दुसरी चूक होती.

माझे धाकटे बंधू पुण्यास असतात. त्यांच्या आग्रहावरून तेथील एका रुग्णालयातील समाजसेविकाबाईंकडे आम्ही गेलो. नाना, मी आणि माझी पत्नी असे तिघे होतो. मला वाटले, बाई नानांविषयी विचारतील. त्यांनी माझ्या पत्नीकडे वळून पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, तुम्हांला रात्री झोप लागते का?" माझी पत्नी काही बोलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले ते पुष्कळ वेळ थांबले नाही. मग ती म्हणाली, "तीन वर्षांत एक रात्र सलग झोपले नाही, आणि आजपर्यंत कोणी विचारलेही नाही." मी शेजारीच बसलो होतो. श्रोतेहो, त्या कोणींमध्ये मीही होतो.

त्या दिवशी मला समुपदेशन ह्या शब्दाचा अर्थ कळला. पूर्वी मला वाटे की, समुपदेशन म्हणजे कोणीतरी आपल्याला उपदेश करणे, आणि उपदेशाला आपल्याकडे तोटा नाही. ह्या बाईंनी उपदेश केला नाही. त्यांनी आजार समजावून दिला, दिवसाचे वेळापत्रक विचारले, कोणत्या वेळी काय अडते ते ऐकून घेतले, प्रत्येक अडचणीवर एक-दोन युक्त्या सुचवल्या, आणि पुढच्या वेळी सर्व भावांना व भावजयींना एकत्र घेऊन या, असे सांगितले.

ही केवळ माझ्या घरची गोष्ट असती तर मी आपला वेळ घेतला नसता. ह्या पद्धतीचा परिणाम मोजून पाहिलेला आहे. न्यूयॉर्क येथे डॉ. मेरी मिटलमन ह्यांनी १९८७ सालापासून एक दीर्घ प्रयोग केला. पती किंवा पत्नीची शुश्रूषा करणाऱ्या ४०६ व्यक्तींपैकी निम्म्यांस सहा बैठकी दिल्या. त्यांतील दोन त्या व्यक्तीशी एकट्याने, आणि चार घरातील इतर माणसांसह. पुढे त्यांची एकमेकांशी बोलण्याची मंडळे केली, आणि हवे तेव्हा दूरध्वनीवर सल्ला दिला. ज्यांना ही मदत मिळाली त्यांनी आपल्या माणसाला इतरांपेक्षा सुमारे ५५७ दिवस, म्हणजे दीड वर्ष, अधिक काळ घरीच सांभाळले. बाटलीतल्या औषधाने जे साधत नाही ते सहा बैठकींनी साधले.

कोणी म्हणेल, ते अमेरिकेचे झाले. आपल्याकडे एवढे तज्ज्ञ कोठून आणावयाचे? ह्याचे उत्तर आपल्या शेजारी गोव्याने दिले आहे. तेथील संगात ही संस्था आणि गोव्याची डिमेन्शिया सोसायटी ह्यांच्या साहाय्याने डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी ह्यांनी तिसवाडी आणि बार्देश ह्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांचा प्रयोग केला, आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी घरोघरी पाठवण्यासाठी डॉक्टर नेमले नाहीत. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, बेताचे शिक्षण झालेल्या, पण वृद्धांच्या सेवेची आवड असलेल्या व्यक्ती निवडल्या आणि त्यांना एक आठवड्याचे प्रशिक्षण दिले. ह्या गृहसल्लागार व्यक्ती पंधरा दिवसांतून निदान एकदा, असे सहा महिने घरी जात. आजाराची माहिती देत, रुग्णाच्या वागण्याला कसे तोंड द्यावे ते सांगत, घरच्यांचे ऐकून घेत, आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळवून देत. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले होते, आणि रुग्णाच्या त्रासदायक वागण्याने त्यांना होणारा क्लेश कमी झालेला होता. रुग्णाच्या स्वतःच्या कार्यशक्तीत मोठा फरक पडला, असा दावा त्या अभ्यासकांनी केला नाही, आणि तो आपणही करू नये. आजार तोच राहिला. पण त्या घरातील माणसे मोडून पडण्यापासून वाचली.

आमच्या घरी काय बदलले ते सांगतो, म्हणजे ह्या युक्त्या कशा असतात ते आपल्या ध्यानी येईल.

नाना वयाच्या ऐंशीव्या वर्षी विचारत, "मनी माय कोठे शे?" मी शिक्षक, चुकीचे उत्तर खोडण्याची मला सवय. मी म्हणे, "नाना, आजीला जाऊन चाळीस वर्षे झाली." ते लहान मुलासारखे रडत, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न विचारत. म्हणजे मी त्यांना त्यांच्या आईच्या निधनाची वार्ता दिवसातून पाच वेळा नव्याने देत होतो. बाईंनी सांगितले की, तथ्याचा वाद घालू नका, त्यामागची भावना ओळखा. आई हवी म्हणजे आधार हवा. त्यानंतर माझी पत्नी म्हणू लागली, "नाना, आजींच्या हातचे मांडे कसे असत हो?" नाना मांड्यांचे वर्णन करीत, आणि शांत होत.

दुसरी गोष्ट. नाना मुलांची नावे विसरले, पण पावकी-निमकी विसरले नाहीत. जुने पाठांतर आणि जुनी गाणी पुष्कळदा शेवटपर्यंत टिकतात. आंघोळीला ते विरोध करीत, हात उगारीत. मग मी पाणी अंगावर घालण्याआधी पावकी म्हणावयास आरंभ करू लागलो, आणि ती पूर्ण होईपर्यंत बहुतेक दिवशी त्यांची आंघोळ होऊन जाई. दुपारी त्यांना एक जुनी चोपडी आणि पेन्सिल देत असू. ते त्यांत कसले तरी आकडे भरीत, आणि आपण कामात आहो ह्या समाधानात दोन तास जात. ज्या घरी आजीबाई आहेत, तेथे आखाजीची आणि कानबाईची गाणी हीच त्यांची चोपडी समजावी.

आणखी काही साध्या गोष्टी आहेत. दिवसाचा क्रम रोज एकच ठेवावा. एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि ती समोर येऊन हळू सांगावी. संध्याकाळी दिवेलागणीला अशा माणसांची अस्वस्थता वाढते, म्हणून घरात लवकर उजेड करावा आणि त्या वेळी पाहुण्यांची गर्दी टाळावी. सदऱ्याच्या खिशाला आतून नाव, गाव आणि दूरध्वनीचा क्रमांक शिवून ठेवावा. शेजारी, दुकानदार आणि रिक्षावाले ह्यांना आधीच सांगून ठेवावे. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने कधीही देऊ नयेत. आणि सर्वांत मुख्य, रुग्ण मुद्दाम करीत नाही, हे वाक्य घरातील प्रत्येकाने रोज एकदा मनाशी म्हणावे.

आता मी त्या विषयाकडे येतो ज्यासाठी मुख्यतः उभा राहिलो आहे. अशा घरात शुश्रूषा कोण करते? आपल्या ज्ञातीत ह्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक एकच आहे. सून करते, किंवा पत्नी करते. मुलगा डॉक्टरकडे नेतो, बिल भरतो, आणि चारचौघांत आईबापांची सेवा केल्याचे पुण्य त्याच्या नावावर जमा होते. माझ्याही नावावर ते जमा झाले आहे. नानांचे कपडे बदलणारी, रात्री तीनदा उठणारी, आणि त्यांच्या तोंडून चोरीचा आळ ऐकून घेणारी माझी पत्नी होती. कुटुंबबैठकीत बाईंनी एक कागद घेतला, आणि चोवीस तासांतील कामे लिहून प्रत्येकापुढे नाव घालावयास सांगितले. पहिल्या कागदावर एकच नाव बावीस वेळा आले. आम्ही तिघे भाऊ तो कागद पाहून गप्प झालो. त्यानंतर रात्रीची पाळी मी घेतली. पुण्याचे बंधू दर तीन महिन्यांनी आठ दिवस येऊन राहू लागले. सुरतेचे बंधू येऊ शकत नव्हते. त्यांनी दिवसा मदतीला येणाऱ्या मावशींचा पगार उचलला. माझी पत्नी सहा वर्षांत प्रथमच आखाजीला माहेरी जाऊन आली. तिने रजा मागितली नव्हती. ती देण्याचे आमच्या मनात कधी आले नव्हते, एवढेच.

शुश्रूषा करणाऱ्या माणसाला राग येतो. कधी तोंडातून वाईट शब्द जातो, कधी हातही उठतो, आणि मग रात्रभर पश्चात्ताप होतो. हे आपण कोणापाशी बोलत नाही, कारण आईबापांवर रागावणे हे पाप आहे अशी आपली शिकवण आहे. शिकवण योग्यच आहे. परंतु न बोलल्याने राग जात नाही, तो आत राहून माणसाला आजारी पाडतो. ज्याने हेच भोगले आहे अशा दुसऱ्या माणसाजवळ ते बोलता आले, तर पुढच्या वेळी हात आवरता येतो. समुपदेशनाचा हा फार मोठा उपयोग आहे.

एक गोष्ट मी आजवर ह्या व्यासपीठावरच नव्हे, तर घराबाहेर कोठेच सांगितलेली नाही. माझ्या मुलीला पाहावयास मंडळी आली त्या दिवशी मी नानांना मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. पाहुण्यांसमोर ते काही भलते बोलतील, घराण्यात वेड आहे असे होईल, आणि स्थळ मोडेल, अशी मला भीती वाटली. दोन तास ते दार वाजवीत होते, आणि मी बैठकीत मोठ्याने बोलत होतो. ज्या नातीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवले तिच्या पाहण्याच्या दिवशी ते कडीबंद होते. स्थळ जमले. जावईबापूंना पुढे हे कळले, तेव्हा ते म्हणाले, "मामा, आमच्या आजोबांनाही हेच होते. आम्हीही लपवले होते." दोन्ही घरे एकच गोष्ट एकमेकांपासून लपवीत होती.

बंधुभगिनींनो, ह्या लपवण्याचे मूळ अज्ञानात आहे. अल्झायमरचा रोग थेट वंशपरंपरेने उतरणारी कुटुंबे जगात फार थोडी आहेत, आणि त्यांत तो बहुधा साठीच्या आतच दिसतो. आजोबांना वयाच्या पंच्याहत्तरीत स्मृतिभ्रंश झाला ह्यामुळे नातवाला किंवा नातीला स्थळ नाकारण्याचे काहीही कारण नाही. मधुमेह असलेल्या आजोबांना आपण कडी लावून ठेवीत नाही. आपल्या वधू-वर मेळाव्यात हे एक वाक्य दरवर्षी जाहीरपणे सांगितले गेले तरी कित्येक घरांतील कड्या निघतील.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांच्या 'अस्तु' ह्या मराठी चित्रपटात हाच विषय आहे. डॉ. मोहन आगाशे ह्यांनी त्यात स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. तो पंडित रस्त्यात एका हत्तीच्या मागे निघून जातो, आणि माहुताची गरीब बायको त्याला लेकरासारखे सांभाळते. त्याची विद्वत्ता तिला ठाऊक नाही. समोरच्या माणसाला भूक लागली आहे आणि तो घाबरला आहे, एवढे तिला दिसते. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या मंडळाने हा चित्रपट सर्व कुटुंबांना एकत्र दाखवावा, अशी माझी सूचना आहे.

द्रव्याविषयी दोन शब्द बोलणे अप्रिय, पण आवश्यक आहे. विस्मरण झालेल्या वृद्धाचा अंगठा किंवा सही घेऊन शेत आणि घर नावावर करून घेतल्याच्या तक्रारी आपल्या पंचांपुढे येतात. आजार ओळखता क्षणीच, माणसाला समजते आहे तोवर, मृत्युपत्र, बँकेचे वारस आणि जमिनीचे कागद सर्व भावंडांसमक्ष व वकिलाच्या सल्ल्याने नीट करून घ्यावेत. एखाद्याला दिलेले मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत असेपर्यंतच चालते, हेही ध्यानात ठेवावे. ह्यात रुग्णाचा मान राहतो, आणि भाऊबंदकी टळते.

"आमच्या वडिलांनी आजोबांना सांभाळले, तेव्हा कोठे होते समुपदेशन?" असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले. प्रश्न योग्य आहे. तेव्हा एका वाड्यात चार चुली आणि वीस माणसे होती. एक सून थकली तर दुसरी उठे. शिवाय इतक्या वयापर्यंत फार थोडी माणसे पोचत. आज मुले पुण्यास, नाशिकास, सुरतेस आणि परदेशी आहेत, आणि शिरपुरात दोन वृद्ध एकमेकांना सांभाळीत आहेत. माणसे कमी झाली आणि आयुष्य वाढले. जे काम वीस माणसे न बोलता करीत ते आता दोघांना करावयाचे, तर त्यांना शिकवावे लागेल आणि पाठीशी उभे राहावे लागेल. आणि ज्यांना सर्व प्रयत्नांनंतर आपल्या माणसाला एखाद्या शुश्रूषागृहात ठेवावे लागले, त्यांना आपण बोल लावू नये. त्यांच्या घरातील रात्र आपण पाहिलेली नसते.

ह्यास्तव मी मंडळापुढे चार मागण्या ठेवतो.

पहिली, मंडळाच्या सभागृहात महिन्यातून एक दुपार अशा घरांतील शुश्रूषा करणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. भाषण नको, ठराव नको. चहा घ्यावा आणि बोलावे. त्या दुपारी रुग्णाजवळ बसण्यासाठी आपल्या तरुण मंडळाने स्वयंसेवक द्यावेत, नाहीतर जिला यावयाचे तीच घरी अडकून राहील.

दुसरी, गोव्याच्या धर्तीवर आपल्यातील चार-सहा निवृत्त शिक्षिका, परिचारिका किंवा अन्य इच्छुक व्यक्तींना प्रशिक्षण देववावे, आणि त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा अशा घरी जावे. १९९२ साली केरळात स्थापन झालेली अल्झायमर आणि संबंधित विकारांची भारतीय संस्था हे कार्य करते, आणि तिच्या शाखा मुंबई व पुणे येथे आहेत. त्यांच्याशी पत्रव्यवहार करण्याची जबाबदारी मी स्वतः घेतो. अशा घरी जाताना ज्ञातीची मर्यादा पाळू नये, एवढी माझी विनंती आहे. आजार ज्ञात पाहून येत नाही.

तिसरी, मंडळाच्या सभासद-सूचीच्या पहिल्या पानावर दोन दूरध्वनी क्रमांक छापावेत. ज्येष्ठ नागरिकांसाठी २०२१ साली देशभर सुरू झालेली सेवा १४५६७ ह्या क्रमांकावर, आणि मानसिक आरोग्यासाठी २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे. ज्या सुनेला रात्री अकरा वाजता कोणाशी बोलावे हे कळत नाही, तिला दुसरा क्रमांक पाठ असला पाहिजे.

चौथी मागणी प्रतिबंधाची आहे. २०२४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने असे म्हटले की, चौदा कारणांना आयुष्यभर आळा घालता आला, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल. त्यांत वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्य, बहिरेपणा, अधू दृष्टी, एकटेपणा, आणि लहानपणी शिक्षण कमी मिळणे ही कारणे आहेत. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला श्रवणयंत्र देणे, मोतीबिंदू वेळीच काढणे, आणि दुपारी ओट्यावर एकट्या बसणाऱ्या आजोबांना हाक मारणे हाही उपायच आहे. आणि आपले मंडळ मुलींना जी शिष्यवृत्ती देते, ती त्यांच्या सत्तराव्या वर्षाचीही तरतूद आहे, हे जाणून ती दुप्पट करावी.

नाना २०१६ साली गेले. शेवटच्या वर्षी ते मला ओळखत नव्हते. मला ते "मास्तर" म्हणत, बहुधा माझ्या बोलण्याच्या धाटणीवरून. माझ्या पत्नीला मात्र ते "माय" म्हणू लागले होते. जिच्यावर त्यांनी चोरीचा आळ घेतला, तिच्यातच त्यांना त्यांची आई सापडली. ती आज ह्या सभेत भगिनींमध्ये बसलेली आहे. ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार खरे तर तिचा होता. तिने नकार दिला, म्हणून तिच्या वतीने मी बोललो.

ज्यांच्या घरी आज असे कोणी आहे त्यांना मी एवढेच सांगेन की, सभा संपल्यावर मी दाराशी उभा राहणार आहे. लपवू नका, येऊन बोला.